९९ टक्के अव्हेलेबिलिटी की २,००० तास एमटीबीएफ? कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर घेताना कोणता आकडा धरायचा?

तुम्ही तासगावजवळ बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज काढताय. एक पुरवठादार म्हणतो कॉम्प्रेसरची अव्हेलेबिलिटी ९९ टक्के, दुसरा म्हणतो एमटीबीएफ २,००० तास, आणि यातलं सरस कोणतं हे तुम्ही विचारलंय. दोन्ही मशीन एकाच तोडीची असू शकतात. मी वाळवा तालुक्यात एका साखर कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, तेव्हा हिशोब आमच्या पद्धतीनं सांगतो.

एमटीबीएफ म्हणजे एक बिघाड ते पुढचा बिघाड, यात मशीन सरासरी किती तास चालतं. ही झाली रिलायबिलिटी. अव्हेलेबिलिटी म्हणजे एकूण वेळेपैकी मशीन किती वेळ कामाला हजर. २,००० तास चालून दुरुस्तीला २० तास जात असतील, तर २,००० भागिले २,०२०, म्हणजे ९९ टक्केच आले! आणि २,००० तास बिनघोर असंही समजू नका. बिघाड कधीही येणारे असतील तर तेवढे तास एकदाही न थांबता पार पडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के.

आता ९९ टक्क्यांचं बघा. वर्षाचे ८,७६० तास, त्यातला एक टक्का ८७.६ तास. म्हणजे रोज १४ मिनिटं बंद, नाहीतर एकदाच सलग साडेतीन दिवसांच्या वर. रोजच्या १४ मिनिटांनी तुमच्या खोलीचा पारा हलायचा नाही, पण एप्रिलच्या उन्हात, माल भरलेला असताना साडेतीन दिवस गेले तर अवघड आहे. आमचं उलटं. मिल रोज थांबायला लागली तर परत लाईन धरायलाच वेळ जातो, गाडीतळावर ट्रॅक्टरची रांग लागते आणि तोडलेल्या उसाचं वजन नि उतारा दोन्ही घसरतात. म्हणून गाळप हंगामात मिल न थांबणं महत्त्वाचं. ऑफ सीझनला ती ओव्हरहॉलिंगसाठी उघडून पडली तरी कोणी विचारत नाही. द्राक्षवाल्याचंही तेच. पाऊस उघडल्यावर डावणीचं (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचं) औषध मारायच्या वेळी ब्लोअर, म्हणजे फवारणीचं मशीन, बंद पडला, तर बाकी वर्षभर तो शेडमध्ये धडधाकट उभा होता हे काय चाटायचंय?

तुमच्या बाबतीत खरी मेख त्या २० तासांत आहे. अमोनिया कॉम्प्रेसरचा शाफ्ट सील (फिरत्या शाफ्टपाशी गॅस अडवणारा) गेला, तर पंप डाऊन करून, म्हणजे मशीनमधला अमोनिया काढून घेऊन, सील बदलायचं काम काही तासांचं. उरलेला वेळ जातो मेकॅनिक येण्यात आणि पार्ट पुण्याहून यायची वाट बघण्यात. सील किट, व्हॉल्व्ह प्लेट, बेल्ट स्वतःच्या कपाटात ठेवा, एका मेकॅनिकशी आधीच ठरवून ठेवा. २० चे ४ तास झाले की तेच मशीन ९९.८ टक्क्यांवर जातं. दुरुस्तीचे २० तास तसेच ठेवून हा आकडा गाठायचा तर एमटीबीएफ जवळपास १०,००० तास पाहिजे. त्याची किंमत विचारून बघा एकदा.

स्टँडबाय कॉम्प्रेसर घेतला तर कागदावर ९९.९९ टक्के होतात, पण दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसतील तरच. पॅनेल एकच, कंडेन्सरचा पाण्याचा पंप एकच, मग तो पंप बसला की दोन्ही मशीन हाय प्रेशरवर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. आणि पुरवठादाराचे ९९ टक्के एकट्या कॉम्प्रेसरचे असतात. पंप आणि पॅनेलही ९९-९९ चे धरलेत तर तिघांचा गुणाकार ९७ वर येतो.

तेव्हा दोघांकडूनही लेखी घ्या: आकड्यात पार्टची वाट बघण्याचा आणि सर्व्हिसिंगचा वेळ धरलाय का, सांगली-मिरजेत कोणते पार्ट स्टॉकला असतात, आणि रविवारी रात्री फोन कोण उचलतो. माझा अनुभव असा, की शेवटच्या प्रश्नाला जो नाव आणि नंबर देतो, त्याचंच कोटेशन पुढे वाचायच्या लायकीचं असतं.