आपत्तीच्या वेळी हॅम (हौशी रेडिओ ऑपरेटर) म्हणून उतरायचंय? आधी एवढं करा

व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरची तुमची ओळख) मिळाला, अभिनंदन! लातूरचा १९९३ चा भूकंप, भूजचा २००१ चा, २००४ ची त्सुनामी, तिन्ही वेळा हॅम मंडळी कामी आली. तुम्हीही याल.

महागडा सेट लगेच घेऊ नका. पाच वॉटचा हँडी (हातात धरायचा रेडिओ) पुरतो, पण जोडीला भरलेली जादा बॅटरी हवीच. लांब पल्ल्याच्या एचएफ सेटचं पुढे बघू.

पहिला महिना नुसतं ऐका. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पीटीटी (बोलण्यासाठी दाबून धरायचं बटण) दाबल्या दाबल्या बोलायला लागणं. पहिला शब्दच कापला जातो. दाबा, सेकंदभर थांबा, मग बोला.

निरोप मात्र कागदावरच घ्या:
- वेळ, कोणाकडून, कोणासाठी, मजकूर.
- आकडे सुटे सांगा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर रेडिओच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात. 'पाच नऊ' म्हटलं की घोटाळा नाही. ब्लँकेटं दहा कमी पोचली तर दहा माणसं थंडीत राहतात.
- समोरच्याकडून निरोप परत वाचून घ्या. पदरचा शब्द घालू नका.

आणि न बोलावता पूरग्रस्त गावात जाऊ नका. आत्ताच, पाऊस नसताना, जवळच्या हॅम क्लबमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला भेटून या. जाताना परवान्याची प्रत सोबत ठेवा.