पहिलं चावीचं घड्याळ

भाऊ, पहिलं जुनं चावीचं घड्याळ घ्यायचंय तर सुरुवात एचएमटी जनतापासून करा: सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आतल्या चाकांच्या टोकांना आधार देणारे छोटे खडे), शर्टाच्या बाहीखाली सहज सरकणारं. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साथीने बंगळुरात घड्याळं काढायला सुरुवात केली.

डायल कोरी करकरीत असेल तर सावध. बहुधा पुन्हा रंगवलेली असते. भिंगातून पाहा: अक्षरांची शाई पसरलेली, मिनिटांच्या रेघा वाकड्या, तर सोडून द्या. पिवळट पडलेली मूळ डायल कधीही बरी.

चावी रोज सकाळी, घड्याळ हातातून काढून द्या; अडली की थांबा. वाळलेल्या तेलावर चालवलं की पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, झिजतात, म्हणून आधी सर्व्हिसिंग. आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात रोज घालू नका, चावीच्या फटीतून घाम शिरून स्टेम, म्हणजे चावीची आतली दांडी, गंजतो. लग्नापुरतं चालेल.