‘मॅडम, मला सगळंच पटतं’

“जो लेख वाचते, तो बरोबर वाटतो. लगेच त्याच्या उलट लेख वाचला, तर तोही बरोबर वाटतो. मला स्वतःचं डोकंच नाही का?”

हा प्रश्न मला वर्षातून अनेकदा ऐकायला मिळतो. शब्द बदलतात एवढंच. कुणी म्हणतं, मला मत बनवता येत नाही. कुणी म्हणतं, चर्चेत समोरचा बोलला की माझं बोलणं संपलंच. बहुतेकांची समजूत अशी असते की हा स्वभावाचा दोष आहे, म्हणून ते माझ्याकडे येतात. अशाच एकीची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती पदव्युत्तर वर्गात शिक्षणशास्त्र शिकत होती. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यावर मार्गदर्शकांनी लाल शाईत एकच ओळ लिहिली होती : ‘हे सगळं त्यांचं. तुमचं काय?’ ती ओळ दाखवताना तिचा आवाज बसला. सोबत छापील लेखांचा गठ्ठा होता, पानं पिवळ्या हायलायटरने इतकी रंगवलेली की न रंगवलेली वाक्यंच उठून दिसत होती.

हायलायटरची गंमत अशी की हात चालत राहतो, म्हणून अभ्यास चालला आहे असं वाटतं. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींबद्दलचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा अधोरेखन आणि पुन्हापुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या गटात गेल्या. तिला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, “हो, बरोबर आहे.” आणि मग स्वतःच हसली. तेवढ्यातही तिला पटलंच होतं!

गठ्ठ्यात वरच दोन लेख होते, एकाच विषयावरचे. पहिल्याचं म्हणणं, व्याख्यानाच्या नोंदी लॅपटॉपवर घेण्यापेक्षा हाताने घेतल्या तर विषय जास्त समजतो. दुसऱ्याचं म्हणणं, तसा ठाम फरक दिसत नाही. मी पहिला लेख पालथा घातला आणि म्हटलं, “यात काय म्हटलंय ते दोन वाक्यांत सांग.”

तिने नीट सांगितलं.

“कशावरून म्हणतात ते?”

“प्रयोग केलाय त्यांनी.”

“कसला?”

“विद्यार्थ्यांवर...” आणि ती थांबली.

सगळी गोष्ट इथेच होती. तिने निष्कर्ष वाचला होता, निष्कर्षापर्यंतची वाट वाचलीच नव्हती. शेवटचं वाक्य तेवढं हाती असेल तर माणूस मान डोलावणार, नाहीतर नकाराने हलवणार. तिसरं करण्यासारखं काही उरत नाही. यात स्वभावाचा संबंध कुठे आला?

आता माझी चूक. मी तिला वाचताना विचारायच्या सतरा प्रश्नांचा कागद दिला. लेखक कोण, हेतू काय, पुरावा कोणता, गृहीत काय वगैरे. पुढच्या वेळी ती सतराच्या सतरा उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन आली. एकाही उत्तरात जीव नव्हता. आज्ञाधारक मुलीला मी आणखी एक गृहपाठ दिला होता. तो कागद मी आता कुणालाच देत नाही.

त्याऐवजी मी एक उतारा समोर ठेवला, मुद्दाम रचलेला : ‘ज्या घरात पुस्तकं जास्त, त्या घरातल्या मुलांना परीक्षेत गुण जास्त, असं दिसून आलं आहे. त्यामुळे घरोघरी पुस्तकं पोचवली की साहजिकच मुलांचे गुण वाढतील.’ हायलायटर बाजूला ठेवायला लावला आणि पेन्सिल दिली. काम एकच : ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘अर्थात’, ‘साहजिकच’ असे शब्द दिसले की त्यांना गोल करायचा आणि समासात लिहायचं, ‘कसं काय?’

तिने ‘त्यामुळे’ला गोल केला. बराच वेळ पेन्सिल तिथेच टेकून राहिली. मग म्हणाली, “पुस्तकं असलेल्या घरात आईवडीलही शिकलेले असतील ना? पैसाही असेल. गुण त्यामुळेही वाढत असतील.” थोड्या वेळाने आणखी एक : “नुसती कपाटात असली तर?” मग ‘साहजिकच’वर बोट ठेवून म्हणाली, “इथे यांनी काहीच दिलेलं नाहीये. नुसतं ‘साहजिकच’ म्हटलंय.”

माझ्या अनुभवात ‘साहजिकच’ हा फार उपयोगी शब्द आहे. लेखकाकडचं कारण संपलं की बऱ्याचदा तो तिथे येऊन उभा राहतो.

दुसरी सवय लावली ती पान मिटण्याची. एक भाग वाचला की पान उलटं करायचं आणि मोठ्याने सांगायचं : दावा काय, आधार काय. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 मधल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. मला यातली पाच मिनिटं महत्त्वाची वाटतात. नुकतंच वाचलेलं आपल्याला येतं असं वाटायला तेवढी पुरतात, आणि ‘पटलं’ हेही आपण त्याच पाच मिनिटांत म्हणून टाकतो.

पुढच्या आठवड्यात ती भलत्याच रूपात आली. प्रत्येक लेख फोल! याचे विद्यार्थी कमी, त्याची पद्धत चुकीची, तिसरा तर पक्षपातीच. डोळ्यांत चमक होती. असं पुष्कळांचं होतं, आणि घरच्यांना वाटतं की पोरगी आता विचार करायला लागली. मी विचारलं, “या तिसऱ्या लेखातलं खरं काय आहे?” ती गप्प. आधी न तपासता हो म्हणत होती, आता न तपासता नाही. मी अट घातली : ज्याला खोडायचं, त्याचं म्हणणं आधी असं मांडायचं की खुद्द लेखकाने ऐकलं तर ‘अगदी हेच’ म्हणावं. त्यानंतर टीका.

या अटीने तिचा वेग खूप मंदावला. तासाभरात चार पानं. तिला त्याची लाज वाटायची. मी सांगितलं, गठ्ठ्यातले सगळे लेख असे वाचायचेच नाहीत. बरेचसे चाळून सोडून द्यायचे. ज्यांच्यावर प्रबंधाचा भार आहे, तेवढ्यांसाठी पेन्सिल.

शेवटच्या भेटीत ते दोन लेख पुन्हा निघाले. पहिला म्युलर आणि ओपनहायमर यांच्या 2014 च्या प्रयोगांवर उभा होता. लॅपटॉपवाले विद्यार्थी व्याख्यान जास्त शब्दशः उतरवून घेतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यात आढळलं होतं. दुसऱ्याचा आधार 2019 चा, तोच प्रयोग पुन्हा करून पाहणारा अभ्यास. त्यात शब्दशः लिहिणं पुन्हा दिसलं. गुणांमधला फरक मात्र तसा ठामपणे आला नाही.

दोन्ही लेखांच्या समासात बारीक पेन्सिलची गर्दी होती. ‘चाचणी किती वेळाने?’ ‘नोंदी परत वाचू दिल्या का?’ पहिल्यातल्या एका ‘त्यामुळे’भोवती दोनदा गोल होता आणि बाजूला लिहिलं होतं : ‘शब्दशः लिहिणं दोन्हीकडे दिसलं, गुण मात्र एकीकडेच घसरले. मग गुण घसरण्याचं कारण शब्दशः लिहिणंच कशावरून?’

खाली आणखी एक ओळ होती, खोडून पुन्हा लिहिलेली. ‘मी नोंदी हातानेच घेणार. पण यांनी दिलेल्या कारणासाठी नाही.’