आधी पाणी, मग दाणे
(वाचकांचे प्रश्न : अंगणातले पक्षी)

मार्च लागला की पत्रं वाढतात, आणि निम्म्याहून अधिक पत्रांत एकच सवाल असतो : पक्ष्यांना खायला काय घालू? मी सांगलीत राहते. अंगणात एक सीताफळ, एक कढीपत्ता, थोडी जास्वंद आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात मुद्दाम न उचललेला पाचोळा. या एवढ्याशा जागेत वर्षानुवर्षं जे दिसलं, त्याच्याच जोरावर उत्तरं देते. जागेअभावी पत्रं छाटली आहेत, राग नसावा.

ताई, आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. चिमण्या याव्यात म्हणून गॅलरीत रोज वाटीभर बाजरी ठेवते, पण येतात फक्त कबुतरं. आता त्यांनी एसीमागे संसार थाटलाय. खालच्या वहिनी बोलत नाहीत, सोसायटीची नोटीसही आली. सासूबाई म्हणतात, घातलेले दाणे बंद केले तर पाप लागेल. काय करू?

मी खालच्या वहिनींच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. बाजरी आजपासून बंद.

कबुतराचं बिऱ्हाड कशावर चालतं ते बघा. मूळचा हा कड्याकपारीतला पक्षी. तुमची इमारत त्याला आयता कडा मिळाला आणि एसीमागची फट ही कपार. त्यात पिल्लांना भरवायला त्याला किडे-अळ्या शोधाव्या लागत नाहीत. नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्याच्या चोथ्यासारखा एक पाझर तयार होतो आणि सुरुवातीचे दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. म्हणजे आईबापांना दाणे मिळाले की झालं, मग वर्षातून कितीही वेळा वीण काढायला ती मोकळी. चिमणीला मात्र पिल्लांसाठी अळ्या लागतातच. तुम्ही वाटी चिमणीच्या नावाने ठेवता, पोसलं जातं कबुतर.

विष्ठेचं म्हणाल, तर ती वाळून तिची धूळ होते आणि श्वासावाटे आत जाते. त्यातून काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसांचा चिवट आजार होतो. २०२५च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ झाला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, भांडण उच्च न्यायालयात गेलं, ते तुम्ही वाचलंच असेल. जैन-गुजराती मंडळींच्या श्रद्धेची मला टिंगल करायची नाही. पण ज्याला आपण दाणे घालतो त्याच्या पिसांची धूळ शेजारच्या दमेकरी आजोबांच्या खोलीत जाते, याचाही हिशेब पाप-पुण्याच्या वहीत कुठेतरी मांडायला हवा.

आता काम. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, महिना-दीड महिना जाईल. मग विष्ठा पाणी मारून ओली करा, नाका-तोंडावर मास्क लावा आणि खरवडून काढा. कोरडी झाडू नका. जाळी लावाल ती ताणून बसवा, ढिल्या जाळीत पक्षी पाय अडकून लटकतात. सासूबाईंना पाण्याची ताटली सांभाळायला द्या. कबुतरं पाण्यावरही येतील, पण पाणी पिऊन निघून जातील.

सोलापूरहून : उन्हाळ्यात प्लास्टिकच्या टबात पाणी भरून गच्चीवर ठेवतो. एकही पक्षी फिरकत नाही. शेजारी म्हणतात, डास मात्र होतील.

दोन्ही तक्रारींचं कारण तुमचा टबच आहे. तो खोल आहे आणि गुळगुळीत आहे. लहान पक्ष्याला पाण्यात उभं राहून तळ लागला पाहिजे, नाहीतर तो काठावरून डोकावतो आणि निघून जातो. कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट ताटली घ्या. पाणी दोन बोटं, त्याहून जास्त नको. मधोमध एक खडबडीत दगड. सोलापूरच्या एप्रिलमध्ये गच्चीवरचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं, तेव्हा ताटली सावलीत हवी. वर एखादी फांदी असली तर उत्तम, पण ताटलीभोवती चार-पाच हात मोकळं सोडा, कारण मांजर झुडपाआडूनच झडप घालतं.

डासांचं शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. पाणी नुसतं ओतून दिलं तर अंडी तिथेच राहतात, सुकली तरी तग धरतात. म्हणून रोज पाणी बदलताना नारळाच्या काथ्याने कडा घासायच्या. साबण नको. अंड्यातून डास बाहेर पडायला आठवडा तरी लागतो, तेव्हा रोज घासलेल्या ताटलीत त्याला जमायचं नाही.

मग जरा लांब खुर्ची टाकून बसा आणि कोण कसं पितं ते बघा. चिमणी, बुलबुल, साळुंकी चोचभर पाणी घेतात आणि मान वर करून गिळतात. कबुतराचा भाऊबंद होला तसं करत नाही. तो चोच बुडवतो आणि मान खाली ठेवूनच सलग ओढून घेतो. कबुतरही तसंच. आमच्याकडे उन्हं कलली की सातभाई येतात. आधी भांडण ऐकू येतं, मग ते दिसतात. एक जण सीताफळाच्या शेंड्यावर राखणीला बसतो, बाकीचे ताटलीत घुसतात, एकमेकांना ढकलत पंख फडफडवून निम्मं पाणी बाहेर उडवतात. शेंड्यावरचा ओरडला की क्षणात ताटली रिकामी, आणि वर पाहावं तर बहुतेकदा शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी. वाटीभर दाणे टाकून एवढी करमणूक होत नाही.

तासगावहून : चिमण्यांसाठी लाकडी खोका आणला, रंगीत आहे, पुढे बसायला दांडी आहे. दोन पावसाळे झाले, चिमणी आत गेली नाही. एकदा साळुंकीने काड्या भरल्या होत्या.

साळुंकीने काड्या भरल्या म्हणजे भोक मोठं आहे. चिमणीला ३२ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच पुरतं. मोठं भोक असेल तर त्यावर तेवढ्या छिद्राची फळी ठोका. दांडी कापून टाका. चिमणीला तिची गरज नाही, कावळ्याला मात्र तिच्यावर बसून आत चोच घालता येते. खोका आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही असा, आणि पंख्यापासून लांब. जमलं तर जवळजवळ दोन-तीन लावा, चिमण्या शेजारपाजार धरून राहतात.

एवढं करूनही चिमणी येईलच असं नाही, हे स्पष्ट सांगते. २० मार्चला चिमणी दिन म्हणून खोके वाटणारी आणि फोटो काढणारी मंडळं हे सांगत नाहीत. गल्लीत चिमणीच उरली नसेल तर खोका तिला कुठून आणणार? ती असेल आणि फक्त जागा नसेल, तरच खोका कामाचा. पूर्वी कौलाखाली, वाशाच्या सांदीत, देवाच्या फोटोमागे तिची सोय व्हायची. स्लॅबच्या घरात ती फट राहिली नाही. आणि तुमच्याकडे द्राक्षबागा. पिल्लांना अळ्या हव्यात आणि फवारणीच्या दिवसांत अळ्या कुठल्या? बागेवर तुमचा इलाज नसेल, पण घराभोवतालच्या झाडांवर औषध मारू नका. मेंदीची किंवा बोगनवेलीची एक दाट जाळी राहू द्या, आणि लादी न घातलेला हातभर कोरड्या मातीचा तुकडा ठेवा. चिमण्या धुळीत आंघोळ करतात. थोडी कणी किंवा बाजरी टाकायचीच तर इथे टाका, सकाळी मूठभर, अर्ध्या तासात संपेल इतकीच. शेव-फरसाण, खारट भात, ब्रेड नको.

नागपूरहून : ऑनलाइन एक लाल फुलांची बाटली मिळते. तिच्यात साखरपाणी भरलं तर आपल्याकडचे ‘हमिंगबर्ड’ येतील का?

हमिंगबर्ड अमेरिका खंडांतले, आपल्याकडे ते नाहीत. तुम्ही पाहिलात तो शिंजीर, याला सूर्यपक्षीही म्हणतात. बाटलीवर तो येईलही, पण नागपूरच्या उन्हात साखरपाणी दुपारपर्यंत आंबतं आणि बाटलीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागते. त्या पैशांत हॅमेलिया या नळीदार फुलांच्या झुडपाचं एक रोप लावा, फुलं जवळपास वर्षभर असतात.

आणि कोळिष्टकं सरसकट झाडू नका. जांभळ्या शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओढून आणते आणि त्यांनीच घरटं विणते. खाली लोंबणारी पिशवी, बाजूला दार, दारावर छोटासा छज्जा. बाहेरून सालपटं, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवते, त्यामुळे कचरा अडकलाय असं वाटून माणसं घरटं उपटतात. कोळी तर पिल्लांचं खाणंच आहे. वीण संपली की चकचकीत निळा-काळा नर बराचसा मादीसारखा फिका होतो, गळ्यापासून पोटावर एक काळी रेघ तेवढी राहते. तेव्हा ‘आमचा काळा शिंजीर गेला, हा कोण आला’ असं पुढचं पत्र पाठवू नका.

लेस्टर, इंग्लंडहून : तुम्ही दाण्यांच्या इतक्या विरुद्ध का? इथे सगळे बागेत फीडर टांगतात.

तिथे टांगा की! डिसेंबरात तुमच्याकडे दिवस जेमतेम आठ तासांचा, जमीन गोठलेली, आणि लहानशा पक्ष्याला रात्र काढायला चरबी लागते. तिथे बिनमिठाचे शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया उपयोगी पडतात. आमच्या सांगलीला टंचाई असते ती एप्रिल-मेमध्ये, आणि ती पाण्याची. फीडर मात्र आठवड्याला धुवा. एकाच फीडरवर गर्दी झाल्याने ट्रायकोमोनोसिस हा रोग पसरला आणि २००५ नंतर तुमच्याकडचे ग्रीनफिंच झपाट्याने घटले. जानेवारीअखेर तिथली आरएसपीबी ही पक्षीसंरक्षण संस्था १९७९पासून बागेतल्या पक्ष्यांची मोजणी करते, घरातल्या मुलांना तासभर तिच्यासाठी बसवा. मराठी नावं तुम्ही शिकवा.

कराडहून : एक काळा-पांढरा पक्षी रोज सकाळी गाडीच्या आरशावर चोच मारतो. घरात म्हणतात, अपशकुन आहे.

शेपूट उभी करत असेल आणि पहाटे गोड शीळ घालत असेल तर तो दयाळ. विणीचे दिवस आहेत, आरशातला तो दुसरा नर समजून भांडतो आहे. गाडी उभी केली की आरशावर जुना पायमोजा चढवा. अपशकुन झालाच असेल तर त्या बिचाऱ्याला, रोज लढूनही शत्रू हटत नाही.

मी सहावीत आहे. रत्नागिरीला राहते. कढीपत्त्याच्या झाडाखाली बुलबुलचं पिल्लू पडलं होतं. आजी म्हणाली, हात लावलास तर आई त्याला टाकून देईल. खरं का?

नाही गं. पक्षी माणसाच्या वासावरून पिल्लं टाकत नाहीत. अंगावर पिसं नसतील आणि घरटं दिसत असेल, तर मोठ्या माणसाला सांगून अलगद परत ठेवायचं. पिसं आली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. बुलबुलची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. जवळच्या फांदीवर बसव, मांजराला हाकल आणि तू लांब जा. तू जवळ उभी राहिलीस तर आई भरवायला येणार नाही. दूध पाजायचं नाही, ते त्याला पचत नाही. चोचीत पाणीही ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. जखम दिसली तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला बाबांना फोन करायला सांग. घरी पाळायचं नाही, कायद्याने बंदी आहे. आजीला रागावू नकोस, तिच्या सांगण्यामुळे पुष्कळ पिल्लं माणसांच्या हातांपासून वाचली असतील.

पुढच्या अंकासाठी पक्षी ओळखायला पाठवताना फोटो धूसर असला तरी चालेल, पण तो जमिनीवर होता की शेंड्यावर, चोच कशी, शेपूट हलवत होता का, एवढं लिहा. ‘छोटा आणि छान होता’ एवढ्यावरून मला ओळखता येत नाही.