आरव्हीतच कायम राहून फिरताना मैत्री कशी जुळते आणि टिकते?

अमेरिकेत घर सोडून आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरात, राहायला लागलं की माणसं तुटतात का, असा प्रश्न आहे. नाही तुटत, पण वेग कमी करावा लागतो. रोज मुक्काम हलवणाऱ्याशी कोण ओळख वाढवणार? बीएलएमच्या, म्हणजे तिथल्या सरकारी भूव्यवस्थापन खात्याच्या, जमिनीवर साधारण १४ दिवस थांबता येतं, तेवढ्यात शेजार छान जमतो. संध्याकाळी खुर्ची बाहेर टाकून बसा, लोक आपणहून बोलायला येतात. जानेवारीत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला जरूर जा. तिथे वाळवंटात आरव्हीवाल्यांचं अख्खं गाव वसतं. १९७८ पासूनचा आरव्हीवाल्यांचा एस्केपीज क्लबही मेळावे भरवतो. एकट्याने फिरणाऱ्यांना तर मी हेच आधी सुचवेन.

जुन्या मित्रांकडे जाताना मात्र आधी नीट विचारून घ्या: दारात गाडी मावेल का, वर फांद्या किंवा तारा आहेत का, जागा सपाट आहे का, वस्तीच्या नियमात बसतं का. घरातला साधा प्लग बहुधा १५ अँपचा असतो आणि आरव्हीला ३० किंवा ५० लागतात. अडॅप्टर लावून दिवे, फ्रिज चालतात. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलंत तर यजमानांचा ब्रेकर पडतो. सांडपाण्याच्या टाक्या वाटेतच रिकाम्या करा, यात अजिबात हयगय नको. कधी निघणार ती तारीखही पोचायच्या आधीच सांगून टाका, म्हणजे त्यांनाही मोकळेपणाने 'अजून राहा' म्हणता येतं.