कोल्ड स्टोरेजच्या द्राक्षाला लवंग तेल मारून ग्रेप गार्ड बंद करता येईल का?

दादा, तुमचा प्रश्न असा आहे की थॉमसन जातीच्या द्राक्षाचा माल रेट वाढेल म्हणून कोल्ड स्टोरेजला टाकला, महिनाभरात पेट्यांमध्ये राखाडी बुरशी दिसायला लागली, आणि आता दुकानदार म्हणतोय की पुढच्या वेळी लवंग तेल अन् रेझव्हेराट्रॉलची नॅचरल बाटली फवारून माल आत टाका, ग्रेप गार्डची, म्हणजे पेटीत ठेवायच्या सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या कागदाची, गरजच नाही. आधी सरळ उत्तर देतो, ग्रेप गार्ड काढू नका. का ते खाली सांगतो, जरा लांबेल.

ती बुरशी म्हणजे बोट्रायटिस. आपण दोष कोल्ड स्टोरेजवाल्याला देतो पण बऱ्याच वेळा ती बागेतूनच सोबत आलेली असते. फुलोऱ्यात शिरते आणि मण्यात गपचूप बसून राहते, बाहेरून काहीच दिसत नाही. कच्च्या मण्यात तिला वाढता येत नाही कारण त्या सालीत टॅनिन असतं आणि बुरशी लागली की साल स्वतःच स्टिलबीन नावाची द्रव्यं तयार करते. रेझव्हेराट्रॉल त्यातलंच एक. इंग्लंडमधल्या लँगकेक आणि प्राइस या दोघांनी १९७६ साली दाखवलं की द्राक्षाच्या पानावर बोट्रायटिस आली किंवा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पडला की पान रेझव्हेराट्रॉल बनवतं. म्हणजे ते सतत भरून ठेवलेलं औषध नाही, गरज पडली की वेल बनवते. आणि खरं सांगायचं तर रेझव्हेराट्रॉल एकटं बुरशीपुढं तसं कमजोरच, त्याच्यापासून पुढं बनणारी टेरोस्टिलबीन, व्हिनिफेरिन ही जास्त कडक. बाटलीवाला नाव मात्र रेझव्हेराट्रॉलचं घेतो कारण ते पेपरात आलेलं असतं.

आता खरी गोम इथं आहे. मण्यात पाणी उतरलं, साखर चढायला लागली की सालीची ही द्रव्यं बनवायची ताकद कमी कमी होत जाते. त्यात बोट्रायटिसकडे लॅकेज नावाचं एन्झाइम असतं, त्यानं ती ही स्टिलबीनं मोडून टाकते. म्हणून ब्रिक्स, म्हणजे मण्यातली गोडी, वाढवायच्या नादात माल वेलीवर जितका जास्त लोंबकळत ठेवाल तितका आत बसलेल्या बुरशीला रस्ता मोकळा. आणि शून्य डिग्रीला ती मरत नाही बरं का, हळू वाढते इतकंच, एका मण्यावरून शेजारच्या मण्यावर जाते आणि मग तो जाळं धरलेला गुच्छ दिसतो.

हे फक्त द्राक्षात नाही. इस्रायलमध्ये व्होल्कानी या शेती संशोधन केंद्राच्या डोव्ह प्रुस्की यांनी १९८०च्या दशकात अव्होकॅडोवर काम केलं, कच्च्या फळाच्या सालीत डायीन नावाचं बुरशीनाशक द्रव्य सापडलं, फळ पिकलं की एक एन्झाइम ते मोडतं आणि तोवर दबून बसलेला करपा रोग बाहेर येतो. आंब्याचं पण तसंच, कच्च्या सालीत रिसॉर्सिनॉल असतात आणि चिकातही बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात. पेठ-सुरगाण्याकडे ज्यांचा केसर आहे त्यांनी देठ थोडा ठेवूनच आंबा काढावा, चीक आतच राहतो आणि सालीवर ओघळून डागही पडत नाही.

आणि आपल्या लासलगावच्या कांद्याचं उदाहरण तर शंभर वर्षांच्या आसपास जुनं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला वॉकर, लिंक वगैरे मंडळींनी शोधलं की रंगीत कांद्याच्या वाळलेल्या बाहेरच्या पापुद्र्यात कॅटेकॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक ॲसिड असतं, ओल आली की ते पाण्यात उतरतं आणि स्मज या कांद्यावर काळे डाग पाडणाऱ्या बुरशी रोगाचे बीजाणू तिथंच थांबतात. पांढऱ्या कांद्यात ते नाही म्हणून तो बळी पडतो. पण जी बुरशी मानेच्या कापातून शिरते तिला हा पापुद्रा आडवाच येत नाही! झाडाचं संरक्षण जिथं आहे तिथंच चालतं, जखमेतून घुसलं की संपलं. द्राक्षात पण हेच, कात्री लागलेला मणी, चिरलेला मणी, देठाजवळ सुटलेला मणी, सुरुवात तिथून.

मग लवंग तेल खोटं का? नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, तिन्ही बुरशी मारतात यात शंका नाही. स्पेनमध्ये टेबल ग्रेप्सच्या, म्हणजे खायच्या द्राक्षांच्या, पॅकिंगमध्ये युजेनॉल, थायमॉलची वाफ ठेवून सड कमी झाल्याचं दाखवलंय. लक्षात घ्या, वाफ, फवारा नाही. युरोपात तर २०१३ साली युजेनॉल, जेरॅनिऑल आणि थायमॉल द्राक्षावरच्या बोट्रायटिससाठी मंजूर झाले, यीस्टच्या पेशींच्या कवचात भरून बागेत मारतात म्हणजे हळूहळू सुटतं. पण दुकानातलं तेल साबणासारख्या इमल्सिफायरमध्ये घोळून तुम्ही तयार घडावर मारलंत तर मण्यावरची पांढरी पावडर, म्हणजे मेण, धुऊन जातं, तेच तर फळाचं पहिलं कवच. वर घड ओला होऊन पेटीत गेला म्हणजे बुरशीला आमंत्रणच. डोस कमी पडला तर काम नाही, जास्त झाला तर देठ काळे पडतात आणि द्राक्षाला दातदुखीच्या औषधाचा वास येतो, ग्राहक पेटी परत करतो. आणि आत बसलेल्या बुरशीपर्यंत वरचा फवारा पोहोचतच नाही.

ग्रेप गार्डमधलं सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्यानं सल्फर डायऑक्साइड सोडतं, आधी जोरात मग हळूहळू. एका मण्यातून दुसऱ्यात पसरणं ते थांबवतं. त्याचेही तोटे आहेत, जास्त झालं की देठाजवळ मणी पांढरे पडतात, आणि युरोपला १० पीपीएमच्या वर अवशेष चालत नाही. म्हणून पर्याय शोधणं बरोबरच आहे, पण आज त्याच्या जागी बसेल असं दुसरं स्वस्त काही मला तरी दिसत नाही.

पैसे घालायचेच तर बागेत घाला. घडातल्या मण्यांची विरळणी नीट करा, घट्ट घडात मणी एकमेकांना चिकटतात त्या जागी मेणच नीट तयार होत नाही आणि नेमकी तिथंच बुरशी शिरते. नत्र जास्त झालं की बोट्रायटिस वाढते, शेवटच्या टप्प्यात युरियाचा हात आवरा. घडाजवळची थोडी पानं काढून हवा खेळू द्या, फार नको, फेब्रुवारी-मार्चचं ऊन मणी भाजून काढतं. तोडणी दव सुकल्यावर पण ऊन चढायच्या आत, घड देठाला धरून, मण्यांना बोट न लावता, आणि क्रेट बांधावर ताटकळत न ठेवता थेट प्रीकूलिंगला, म्हणजे स्टोरेजआधी माल गार करायला. अवकाळीचा पाऊस खाल्लेला माल तर स्टोरेजला टाकूच नका, सरळ विका नाहीतर बेदाणा करा.

तरी बाटली ट्राय करायची हौस असेल तर दोन-चार पेट्याच वेगळ्या करा, फवारायचं नाही, तेलाचा कापसाचा बोळा मण्याला न टेकवता पेटीत ठेवायचा, बाकी पेट्यांशी तुलना करायची आणि देठ व चव दोन्ही बघायचे. एक्स्पोर्टच्या मालात असलं काही करायच्या आधी लेबलवर घटक, डोस आणि द्राक्षासाठी शिफारस आहे का ते वाचा. सध्या जो माल आत आहे त्यातल्या बुरशी आलेल्या पेट्या आज बाहेर काढा, उरलेल्याला रेट वाढायची वाट बघू नका.