सर्व्हरची डिस्क कधी भरेल, हे स्प्रेडशीटवरून कसं काढायचं?

तुमच्याकडे 8 टीबीची डिस्क आहे, वर्षभर दर सोमवारी टिपलेला वापर आहे आणि नवी डिस्क कधी मागवावी हे हवंय. सूत्र दोन मिनिटांचं आहे. घोळ होतो तो त्याआधीच्या आकड्यांत.

8 टीबी हा विकणाऱ्याचा आकडा, हजाराच्या पटीतला. लिनक्स 1024 च्या पटीत मोजतं, म्हणून हातात येतात साधारण 7,450 जीबी. त्यातले 5 टक्के ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) मुळातच रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, बाजूला ठेवतं. म्हणून वर थोडी मोकळीक ठेवून मर्यादा 85 टक्क्यांवर, म्हणजे 6,330 वर धरा. आणि नोंद 'डीएफ -एच'ची (डिस्कचा वापर दाखवणारी लिनक्सची कमांड) असेल तर ती बदला. 5.1टी, 5.2टी असे गोल आकडे म्हणजे शंभर जीबीची एक पायरी. आठवड्याची 40 जीबीची वाढ त्यात दिसणारच नाही. नुसतं 'डीएफ' केबीत आकडे देतं, त्याला 1048576 ने भागा.

आता ए रकान्यात तारीख, बी मध्ये वापर. रोजची वाढ: =स्लोप(बी2:बी53, ए2:ए53). वापर आधी, तारीख नंतर. उलटं लिहिलं तर 6.2 ऐवजी 0.16 च्या आसपास काहीतरी येईल आणि डिस्क जन्मभर पुरेल असं वाटेल. #डीआयव्ही/0! आलं तर तारखा मजकूर म्हणून बसल्यात. सेलमध्ये डावीकडे चिकटलेली तारीख ही त्याची खूण. त्याच दोन रकान्यांवरून इंटरसेप्ट काढा, म्हणजे तारीख शून्य धरली तर रेघ जिथे पोचते तो आकडा. तो उणे अडीच-तीन लाख निघाला तर दचकू नका, एक्सेल दिवस 1900 पासून मोजतं. मग (मर्यादा − इंटरसेप्ट) ÷ स्लोप करा आणि त्या सेलला तारखेचं फॉरमॅट द्या. आज 5,100 जीबी भरलेत आणि रोज 6.2 वाढतात असं धरलं, तर साधारण 198 दिवस मिळतात.

पण या आकड्यावर लगेच ऑर्डर काढू नका. सी रकान्यात =बी3-बी2 करून आठवड्याआठवड्याचा फरक काढा आणि त्यावर नजर फिरवा. मध्येच उणे 900 दिसलं तर कुणीतरी जुने बॅकअप उडवलेत. त्या एका खाचेमुळे सगळी रेघ आडवी होते आणि वाढ खरीपेक्षा कमी दिसते. अशा वेळी खाचेनंतरचेच आठवडे घ्या, किंवा सी रकान्याचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून 7 ने भागा. एखाद्या उडीने मीडियन फारसा हलत नाही. मात्र दर तिमाहीला व्हिडिओचा मोठा गठ्ठा येत असेल तर मीडियन तो गिळून टाकतो. तिथे सरळ वर्षाची एकूण वाढ भागिले 365 बरी.

याशिवाय शेवटच्या 13 आठवड्यांचा स्लोप वेगळा काढा. तो 9 आला तर 198 चे 137 दिवस होतात. मी दोन्हींतली आधी येणारी तारीख धरतो आणि त्यातून मंजुरी, खरेदी आणि डेटा हलवायचे दिवस वजा करतो. हे सगळं मिळून 60 दिवस लागत असतील तर कोटेशन 77 दिवसांच्या आत मागवायला हवं. फोरकास्ट डॉट ईटीएससारखं हंगामी सूत्र एका वर्षाच्या नोंदीवर लावू नका, हंगाम ओळखायला त्याला निदान दोन पूर्ण फेऱ्या लागतात.

लहान फाइली लाखोंनी असतील तर 'डीएफ -आय'चाही एक रकाना ठेवा. जागा शिल्लक असताना आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपले तरी नवी फाइल बनत नाही.